रशियन चित्रकार कुस्तोदियेव यांच्या ‘रशियन व्हीनस’मधली बाई देवी वाटतच नाही. मग चित्राला हे नाव कशाला?

वाटत नाही हे खरंय. भरल्या अंगाची, गोरीगुलाबी, लांब मोकळे केस; एखाद्या व्यापाऱ्याच्या घरातली शोभेल अशी. पण ती उभी कुठे आहे ते बघा. ते रशियन वाफेचं न्हाणीघर आहे, ‘बान्या’. तिथे वाफेत बसून बर्चच्या पालेदार डहाळ्यांच्या जुडीने अंग झोडून घेतात. अंगावर कपडे नाहीत, कारण बाई आंघोळीला आलीय. विषय संपला.

आता बाकावरचा टब बघा. त्यात साबणाचा फेस आहे. रोमन प्रेमदेवता व्हीनस समुद्राच्या फेसातून जन्मली म्हणतात ना, तिचा समुद्र तो हा! इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीची व्हीनस हाताने आणि केसांनी लाज झाकते. इथे ते काम डहाळ्यांच्या जुडीकडे. थट्टा आहेच, पण त्या बाईची नाही. तिच्यावर चित्रकाराचा जीव आहे.

हे तैलचित्र १९२५-२६ मधलं, लेनिनग्राडचं, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचं. कुस्तोदियेव तेव्हा चाकाच्या खुर्चीत होते. मणक्यातल्या गाठीच्या १९१६ च्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे पाय कायमचे गेले होते. नेक्रासोव्ह, लेस्कोव्ह या रशियन लेखकांच्या पुस्तकांसाठीची त्यांची चित्रंही याच खुर्चीतल्या वर्षांतली. मोठा कॅनव्हास मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःचंच १९०६ चं ‘गच्चीवर’ हे कौटुंबिक चित्र उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर व्हीनस रंगवली. समोर उभी राहिली त्यांची मुलगी इरिना. डहाळ्यांच्या जागी तिच्या हातात मोजपट्टी होती आणि फेस घुसळून द्यायला मुलगा किरिल. मुलीला नग्नचित्रासाठी उभं केलं हे ऐकून आपल्याकडे कुणीही दचकेल, मीही दचकलो. पण चित्रातला तो थोराड बांधा एका मुलीवरून उतरवलेला वाटत नाही. त्यांच्या चित्रांतल्या व्यापाऱ्यांच्या बायका वर्षानुवर्षं अशाच आहेत. १९२७ मध्ये ते गेले, म्हणजे हे अगदी शेवटच्या कामांपैकी.

चित्र रशियातल्या निझनी नोवगोरोद शहराच्या कलासंग्रहालयात आहे. त्यांचं १९१५ चं ‘सुंदरी’ हे नग्नचित्र जास्त गाजलेलं, तेही शोधून बघा. त्यातली बाई रजई बाजूला सारून पलंगावर बसलीय, आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे तिला पक्कं ठाऊक असल्यासारखी. माझं मत विचाराल तर न्हाणीघरातलीच सरस.