आजोबांची पॅराट्रूपरची जुनी विंग (दंडावरचा भरतकामाचा बिल्ला) झिजली तर हुबेहूब नवी कुठे मिळेल? ऑनलाइन विकतात ती खरी कशी ओळखायची? आणि जॅकेटवर लावू का?

छावणी असलेल्या कुठल्याही गावात वर्दी शिवणारे शिंपी असतात, त्यांच्याकडे नवी विंग सहसा मिळते. झालं तुमचं उत्तर. पण आजोबांची झिजलीय म्हणून बदलायची असेल तर बदलू नका, आणि मूळ विंग नमुना म्हणून कुणाच्या हातात तर मुळीच देऊ नका.

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. बिल्ल्यांचा माझा धंदा नाही. पण या एका विंगवरून माझं आणि सख्ख्या भावाचं अजून वाजतं.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, २ पॅरात होते, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, मराठा पलटण. ११ डिसेंबर १९७१ला, बांगलादेशच्या लढाईत, टांगाइलला उड्या मारल्या त्यांतले एक. तिथे ताब्यात घेतलेल्या पुंगलीच्या पुलाचं विचारलं तर पुलाबद्दल चार शब्द बोलायचे आणि सामान गोळा करू लागायला धावलेल्या गावकऱ्यांबद्दल तासभर. त्यांचा एक हिरवा शर्ट ट्रंकेत होता. उजव्या दंडावर विंग, पांढरं उघडलेलं पॅराशूट आणि दोन्हीकडे फिकट निळे पंख. आग्र्याच्या शाळेत पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, तेव्हा ती मिळते. एनॅमलची छोटी विंग वेगळी. तिच्यावर पंचवीस उड्यांना एक चांदणी, पन्नासला दोन, शंभरला तीन. अण्णांना एक चांदणी होती.

२०१९च्या विजय दिवसाला गावात माजी सैनिकांचा सत्कार ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये वर्ल्ड कपला धोनीच्या ग्लोव्हजवर कट्यारीचं चिन्ह दिसलं, आयसीसीने ते काढायला लावलं, आणि आमच्याकडे दिसेल त्या बुलेटवर ‘बलिदान’, म्हणजे तेच कट्यारीचं चिन्ह, चिकटलं. दादाला हुरूप आला. त्याने मला न विचारता शर्टावरची विंग उसवली (उसवली कसली, ब्लेडने कापली) आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याला नमुना म्हणून दिली. त्या पठ्ठ्याने ती सपाट राहावी म्हणून मागे फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून गरम इस्त्री दाबली. निळे पंख चपटे झाले, रंग उतरला. नवी आली ती दीडपट मोठी, चकचकीत पॉलिएस्टरची. दादाने ती अण्णांच्या ब्लेझरला टाचली आणि शिवाय खिशाखाली एक ‘बलिदान’ही लावलं.

अण्णांनी ब्लेझर हातात घेतला, बघितला. ‘‘ह्यो कट्यारीवाला कुणाचा? माझा न्हाई.’’ एवढंच. सत्काराला ते नुसत्या सदऱ्यावर गेले.

दादाचं म्हणणं आजही तेच: पलटण तीच ना, मग बिल्लाही त्यांचाच. नाही! ‘बलिदान’ स्पेशल फोर्सेसचं आहे, तिथला प्रोबेशन, म्हणजे कसोटीचा काळ, पार केलेल्यांचं. २ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली ती अण्णा पेन्शनीत आल्यावर. अण्णांना जे मिळालं होतं तेवढंच अण्णांचं होतं आणि ते भरपूर होतं. मुलगा म्हणून तुम्हाला बापाचा अभिमान आहे तर आहे तेवढ्या विंगचा ठेवा की, त्यात भर कशाला घालायची?

तर नवी करायचीच असेल तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, पुढून आणि मागून, आणि तो द्या. धागा रेयॉनचा मागा. त्याची चमक जुन्याच्या जास्त जवळ जाते.

खरी-खोटी ओळखायला विंग उलटी करा. कॉम्प्युटर मशीनच्या कामात मागे पांढऱ्या बॉबिन धाग्याची (मशीनच्या खालच्या रिळाचा) सरळ पट्टी दिसते आणि कागदासारखं बॅकिंग असतं. हाताने कापड फिरवून झिगझॅग मशीनवर केलेल्या कामात मागचा धागा वेडावाकडा जातो, दोन पंख कधीच तंतोतंत जुळत नाहीत. सुटा धागा मिळाला तर जाळून बघा. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, सुती आणि रेयॉन कागदासारखे जळून राख होते. विकणारा मागच्या बाजूचा फोटो देत नसेल तर घेऊ नका. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धागा चमकला तर नवा, असंही संग्राहक सांगतात.

जॅकेटवर लावू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माझं मत, लावू नका, फ्रेममध्ये ठेवा. कायद्याचं म्हणाल तर सैनिक आहोत असं भासवायला लावलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या हौसेला ते लागू नाही, पण समोरच्याला तुमची हौस कशी कळणार?

आणि हो, जांभळ्या दिव्यावर फार विसंबू नका. अण्णांची विंग अस्सल, तरी ती दिव्याखाली लखलखते, कारण आईने तो शर्ट वर्षानुवर्षं धुण्याच्या पावडरीत बुचकळला. पावडरीतलं चमकवणारं द्रव्य धाग्यात बसतं. फ्यूजिंग मी सुईने तीन रात्री खरवडलं, निम्मं निघालं. विंग परत शर्टावर टाचलीय, जुन्या भोकांतूनच.

दादा, वाचत असशील तर ते ‘बलिदान’ माझ्या बॉबिनच्या डब्यात आहे. मागू नकोस.