नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या धावपळीत घर आणि मन शांत कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की घरात दोन मुलं, सासू-सासरे, दोघांच्याही नोकऱ्या. गणपती गेले की जी धावपळ सुरू होते ती तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबत नाही. आणि रोज पहाटे दहा मिनिटं ध्यान केलं तर फरक पडेल का.

ध्यानाने ओट्यावरचं काम कमी होत नाही. हे मी चिडून लिहीत नाहीये, दोन वर्षं करून पाहिलंय. डोळे मिटून बसले की डोक्यात एकच: साबुदाणा भिजत घातला का? शांतता मिळत नाही, कारण ती बसवायला दिवसात जागाच नसते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि कार्तिक शुद्ध द्वितीयेला भाऊबीज. मधल्या या ३२ तिथींमध्ये अखंड दिवा, उपवास, दसरा, कोजागरी, मोठ्या मुलाची आश्विनी, मुलांची सहामाही, माळ्यावरची भांडी, फराळ आणि वसुबारसेपासून रांगेत दिवाळी. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, हवेत पावसाची ओल, आत तापलेली कढई. शरदात पित्त उसळतं असं आयुर्वेद सांगतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण जागरणं करतो आणि तळण काढतो. तेव्हा तुम्ही मुलांवर ओरडता तो तुमचा स्वभाव आहे असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका.

माझं सांगते. २०२२ साल.

मी पुण्यात एका सहकारी बँकेत आहे. त्या वर्षी घट बसले २६ सप्टेंबरला आणि ३० तारखेला आमचं अर्धवार्षिक क्लोजिंग. रात्री नऊला घरी येऊन देवीची माळ, आरती. दसरा झाला, कोजागरी झाली, मुलीला आश्विनीचं ओवाळलं, आणि पुण्यात पाऊस काही हटेना. फराळाच्या तयारीला लागलो तरी धो धो. चकलीची भाजणी सासूबाईंना घरचीच लागते. चाराला दोन आणि एक, म्हणजे तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ, वर धणे-जिरे. सगळं धुऊन सावलीत पंचावर वाळवायचं आणि मग मंद आचेवर भाजायचं. १७ ऑक्टोबरच्या रात्री पाऊस असा आला की रस्त्यांना ओढ्याचं रूप आलं. गॅलरीत पसरलेलं आमचं सगळं धान्य तिरप्या सरींनी भिजलं. रात्री एक वाजता मी ते हॉलमध्ये पंख्याखाली पसरत होते. तिथेच दहावीतली मुलगी अभ्यासाला बसलेली, दुसऱ्या दिवशी तिचा भूमितीचा पेपर. तिचा पाय तांदळाला लागला आणि मी तिला जे बोलले ते इथे लिहवत नाही. ती काही न बोलता पुस्तक घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली. त्या भाजणीच्या चकल्या उत्तम झाल्या. मी एकही खाल्ली नाही.

आता खरी गोष्ट. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, २५ला सूर्यग्रहण, आणि २६ला पाडवा आणि भाऊबीज दोन्ही एकाच दिवशी. माझ्या नणंदबाई नवऱ्याहून मोठ्या, चिंचवडला राहतात. दर भाऊबीजेला सहा माणसं अकरापर्यंत येतात, जेवून, दुपारची झोप काढून, चहा घेऊन संध्याकाळी परततात. माझा भाऊ साताऱ्याला, इथून ११० किलोमीटर. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यातल्या एकाही भाऊबीजेला, त्या दिवशी, मी माझ्या भावाला ओवाळलं नव्हतं. नंतरच्या रविवारी जायचे. "तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते" असं मला दर वर्षी सांगितलं जायचं. चालते, मला मान्य आहे. पण हे वाक्य आजवर कोणी नणंदेला सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते कायम वहिनीलाच सांगतात.

माझी सख्खी आईसुद्धा तेच म्हणायची. "तुझ्याकडे माणसं येतात, तू कशी निघणार?"

२५ तारखेला ग्रहण. सासूबाई वेध पाळतात. मी पाळत नाही, पण त्यांच्या घरात त्यांच्या मनाविरुद्ध गॅस पेटवत नाही. सकाळी लवकर मुलांपुरतं करून ओटा पुसून टाकला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणी काही मागितलं नाही. चहासुद्धा नाही. पाचच्या सुमारास ग्रहण लागलं आणि सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. मी गॅलरीत, जिथे ते धान्य भिजलं होतं तिथेच, धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते. तो आठ वर्षांचा, मांडीत मावत नव्हता. तो बडबडत होता आणि मी ऐकत होते. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचं एक वाक्य मी शेवटपर्यंत ऐकलं असेन. आणि तिथे मला कळलं की या घरात बाईचा ओटा बंद राहायला आभाळात ग्रहण लागावं लागतं. तोवर कोणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं, हे मला जास्त लागलं.

सूर्य मावळल्यावर आंघोळी झाल्या. नवरा देवापाशी होता. म्हटलं, "अहो, उद्या पहाटे तुमचं पाडव्याचं ओवाळते आणि सातच्या गाडीने साताऱ्याला जाते. धाकट्याला नेते. ताई तुमच्या बहीण आहेत. त्यांचं जेवण तुम्ही करा, मागवा, काही करा."

ते म्हणाले, "आत्ता सांगतेस?"

"एकोणीस वर्षं सांगायचं राहिलं."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या पुढचे चार दिवस बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही. पहाटे साडेपाचला ओवाळलं, ओवाळणी घेतली, स्वारगेट गाठलं. गर्दी इतकी की धाकट्याला खिडकीतून आत दिला. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट २०२३च्या मार्चपासून सुरू झालं, तेव्हा पूर्ण काढलं.) खंबाटकीचा घाट चढताना मळमळलं, पण रडू येत होतं ते घाटामुळे नाही.

दारात वहिनी. हातात पीठ, चेहऱ्यावर आनंदच होता, खोटा नव्हता. आत गेले तर पुरणाचा घाट घातलेला. मी सहज विचारलं, "तू कराडला कधी जाणार?" तिचं माहेर कराडचं, तिथून तासाभरावर. तर म्हणाली, "जाईन की येत्या रविवारी. तुळशीच्या लग्नापर्यंत चालतंय."

मी बॅग खाली ठेवली नव्हती अजून.

तिच्या लग्नाला चौदा वर्षं. दर भाऊबीजेला माझी धाकटी बहीण कोरेगावहून येते, ती हिच्या हातचं जेवते. म्हणजे माझ्या नणंदेवर मी जो राग एकोणीस वर्षं धरून होते, तेच आम्ही दोघी बहिणी हिच्याशी करत होतो. मी रविवारी यायचे तेव्हा तिचा रविवारही मीच खायचे. माझ्या हे कधीच लक्षात आलं नव्हतं. वहिनी कधी बोलली नाही, मीही कुठे कधी बोलले होते?

मी भावाला म्हटलं, "हिला स्टँडवर सोड." त्याला कळेना. "द्वितीया दुपारी लागतेय. हिचा भाऊ कराडला वाट बघत असेल. पुरण मी वाटते, तू आल्यावर भाताचं बघ." आई म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील, आलेल्या लेकीने स्वयंपाक करायचा?" मी म्हटलं, "आई, लोक दोनच आहेत, मी आणि धाकटी. आम्हाला चालतंय." वहिनी दहा वेळा नाही म्हणाली आणि अकराव्या वेळी साडी बदलायला गेली. साडेअकराच्या गाडीने गेली. मग मी आणि बहिणीने पुरण वाटलं, भावाने कुकर लावला, भात जरा गिचका झाला, तोच खाल्ला. दुपारी तीनला त्याला ओवाळलं. त्या दिवशी मी दमले होते, पण कोणावर ओरडले नाही. तुम्ही ज्याला समतोल म्हणता तो मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसला. काम तेवढंच होतं, पण ज्याचं त्याच्याकडे होतं.

इकडे पुण्यात नवऱ्याने पुलाव केला आणि गुलाबजाम विकत आणले. ताई नाराज झाल्या. अजून आहेत. "आई-बाबा असूनही मला माहेर उरलं नाही" असं त्या नातेवाइकांत बोलल्या, ते फिरून माझ्यापर्यंत आलं. ताई, तुम्ही हे वाचणार नाही, तरी लिहिते. तुमचं माहेर म्हणजे तुमचे आई-बाबा आणि तुमचा भाऊ. ते तिघंही त्या दिवशी घरात होते. भावाने आयुष्यात पहिल्यांदा बहिणीसाठी कांदा चिरला, याचं तुम्हाला कौतुक वाटायला हवं होतं. माझ्या हातची बासुंदी म्हणजे तुमचं माहेर नाही. तुम्ही वर्षातल्या कुठल्याही दुसऱ्या दिवशी या, मी बासुंदी आटवून देईन आणि मनापासून देईन.

आता तुमच्या प्रश्नाकडे. फराळाचं म्हणाल तर तुमच्या घरात ज्या तीन गोष्टींवर सगळ्यांचा जीव आहे तेवढ्या घरी करा, बाकी जवळच्या बचत गटाकडून घ्या. त्या बायकांच्या चकल्या तुमच्या-माझ्याइतक्याच चांगल्या असतात आणि त्यांची दिवाळी त्यावर होते. अनारसे मी तरी सोडले. तीन दिवस रोज पाणी बदलून तांदूळ भिजवायचे आणि एवढं करून ते तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले, की घर आपल्याकडे बघतं, हे मला नको झालंय. पडदे दिवाळीआधीच धुतले पाहिजेत असं शास्त्रात कुठेही नाही, जानेवारीत धुवा, लवकर वाळतात. मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत घरात तळण नको, हा नियम मी त्या भूमितीच्या पेपरनंतर केला आणि मोडलेला नाही. मुलीची माफी मी भाऊबीजेच्या रात्री मागितली. ती म्हणाली, "सोड ना." सुटलं नाही, मला माहीत आहे.

आणि आठवड्यातून एक संध्याकाळ ओटा बंद ठेवा. आमच्याकडे गुरुवार. सातनंतर गॅस नाही. सकाळचं उरलेलं, दही-पोहे, केळी, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. सासूबाईंनी पहिले दोन गुरुवार मान वळवली, तिसऱ्या गुरुवारी स्वतःच दह्याला विरजण लावून ठेवलं. त्यावर आमच्यात काही बोलणं झालं नाही.

एक मात्र सांगायला हवं. माझा पगार होता, सासूबाई अबोला धरतात पण हात उगारणाऱ्या घरातली मी नाही, आणि नवरा चिडला तरी त्याने पुलाव केला. ज्या घरात एवढंही नाही तिथे असं बॅग उचलून निघणं सोपं नसतं, तिथे माझं ऐकून काही करू नका. ज्यांना भाऊ नाही किंवा राहिला नाही त्यांचं दुःखही वेगळं आहे, त्यांना मी काय सांगणार. आणि तुमच्या सासूबाई स्वतः राबत असतील तर आधी त्यांचं काम कमी करा, मग स्वतःचं.

ध्यान करायचं तर जरूर करा. पण त्याआधी भाऊबीजेला तुम्ही कुठे असणार आणि तुमची वहिनी कुठे असणार, हे दोन फोन करून आजच ठरवा. घट बसायच्या आधी. एकदा दिवा लागला की कोणाला ऐकायला वेळ नसतो. माझी वहिनी आता भाऊबीजेला सकाळी आठलाच कराडला निघते, आणि मी साताऱ्याला पोचते तेव्हा दार भाऊ उघडतो, हातात सुरी, डोळे कांद्याने लाल.