नंबर कुठला ठेवू? स्टुटगार्टला निघालेल्या कोथरूडच्या मैत्रिणीला

तुमचा प्रश्न तसा साधा आहे. नवऱ्याची बदली, मार्चमध्ये कोथरूडचं घर बंद करून स्टुटगार्टला यायचंय, मुलगी सात वर्षांची, आई-बाबा मागे दोघंच. तर व्हॉट्सॲपला पुण्याचाच नंबर ठेवायचा की इथला घ्यायचा, आणि त्यांच्याशी रोजचं बोलणं कसं जमवायचं? दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण काल भांडी आवरताना तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून आता बसून लिहितेय. लांबेल. व्हिसा, पत्त्याची नोंदणी, विमा, एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं) यातलं काही सांगत नाही, ते सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे.

आधी उत्तर. पुण्याचा नंबर सोडू नका. इथलं सिम घ्यालच (प्रीपेडलासुद्धा पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते), पण व्हॉट्सॲप जुन्या नंबरावरच राहू द्या. मेसेज इंटरनेटवरून जातो, नंबर ही फक्त तुमची ओळख. म्हणून घरच्या वायफायवरून पुण्याला शंभर मेसेज पाठवलेत तरी वेगळा पैसा पडत नाही, एसएमएसला मात्र दर वेळी पडतो. पण म्हणून जुनं सिम काढून डबीत टाकू नका. आपल्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आदेश काढलाय, ज्या नंबरावर ॲप आहे ते सिम त्याच फोनमध्ये चालू हवं. दोन सिमचा फोन घ्या. इंटरनॅशनल रोमिंग पुण्यातूनच चालू करून घ्या, एसएमएस येण्यापुरतं, आणि डेटा रोमिंग बंद ठेवा. रिचार्जची तारीख कॅलेंडरात टाका. ॲपमधला सहा आकडी पिन आत्ताच लावा.

एवढं ठासून सांगतेय कारण मी यातलं काहीही केलं नव्हतं. २०१३ च्या नोव्हेंबरात आलो. पुण्याचं सिम पाकिटात ठेवलं, रिचार्ज विसरले, नंबर बंद झाला आणि पुढे तो सोलापूरच्या एका गृहस्थांना मिळाला. मी बँकेच्या साइटवर ओटीपीची वाट बघत बसायची आणि ओटीपी जायचा सोलापूरला. शेवटी मीच तो नंबर लावला. माणूस फार सज्जन. म्हणाले, "ताई, तुमच्या खात्यात कुणीतरी घुसायला बघतंय, सारखे मेसेज येतायत." ती मीच होते.

नंबर बदलायचा तर बँक म्हणाली शाखेत या, नाहीतर अर्जावर भारतीय वकिलातीतून सही साक्षांकित करून पाठवा. आपल्याला म्युनिकची वकिलात पडते. नवऱ्याला सुट्टी नाही, तीन वर्षांचा मुलगा कडेवर, डब्यात पोळीचा लाडू, दिवसभराचा प्रवास. अर्ज पाठवला. दीड महिन्याने नारायण पेठेच्या पत्त्यावर बँकेचं पत्र आलं, बाबांनी त्याचा फोटो पाठवला. अर्ध्या मजकुरावर त्यांच्याच अंगठ्याची सावली. उरलेल्या अर्ध्यात कळलं की सही जुळत नाही. कशी जुळेल? खातं काढलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची, माहेरच्या नावाने सही करणारी. पुन्हा म्युनिक. अजूनही कुठे "नमुन्याप्रमाणे सही करा" वाचलं की माझा हात आखडतो.

आता आई-बाबा. इथे हिवाळ्यात पुणे साडेचार तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं सरकतात; त्या आठवड्यात बाबा हमखास म्हणणार, "आज उशीर केलास." तुमचं काम, मुलीची शाळा, जेवणं आटपून रात्री आठला फोन हातात घ्याल तेव्हा हिवाळ्यात तिकडे साडेबारा वाजलेले असतील. म्हणून मेसेजच जास्त होतात, आणि मेसेज म्हटले की टिका आल्या. एक टिक म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत गेला, दोन म्हणजे समोरच्या फोनपर्यंत, निळ्या झाल्या की वाचला. पहिली दोन वर्षं एक टिक बघून माझ्या पोटात गोळा यायचा. नंतर उलगडा झाला. गुरुवार असेल तर लाइट गेलेली असते, म्हणजे वायफाय बंद. इतर वेळी बाबांनी नेट बंद केलेलं असतं. काम झालं की डेटा बंद करतात, गॅसचा कॉक बंद करावा तसा. "उगाच चालू कशाला?" बारा वर्षं समजावतेय.

आई टाइप करत नाही, बोलून पाठवते. माइकचं बटण दाबून धरायचं असतं आणि तिचं बोट बोलण्याच्या आधीच उचललं जातं. त्यामुळे माझ्याकडे तिचे दोन-दोन सेकंदांचे निरोप आहेत: "अगं ऐक", "हे बघ, ते", "चालू झालं का हो?" निघायच्या आधी एक दुपार काढून आईला शिकवा, बटण दाबून वर सरकवलं की कुलूप लागतं, मग बोट सोडलं तरी चालतं. मी कधी दुपार काढली नाही, बॅगांचं वजन करत बसले.

दुबईवरून येणार असाल तर तिथे उतरल्यावर व्हिडिओ कॉल लावत बसू नका, यूएईत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत. मेसेज जातात. "पोचलो" एवढं लिहा.

"लास्ट सीन" लपवायचा का, हेही विचारलंत. माझा मी उघडा ठेवलाय, आईचाही. सकाळी उठून आधी बघते, तिकडच्या वेळेने ५:५०, म्हणजे उठली, चहा झाला. ती माझा बघते. "रात्री अडीचला जागी होतीस." दोघी एकमेकींवर पाळत ठेवून आहोत आणि दोघींनाही त्यातून काडीचं कळत नाही. हे मला २०१९ च्या गौरीत समजलं.

त्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात होते. लक्ष्मी रोडवरून गौरींसाठी दोन इरकली घेतल्या, एक हिरवी, एक चिंतामणी रंगाची, आणि घडी न मोडता आईच्या कपाटात ठेवून आले. गौरी बसल्या त्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो आला. समया, फराळाची ताटं, शेवंतीच्या वेण्या, सगळं जिथल्या तिथे. साड्या मात्र जुन्या. मला इतका राग आला! लिहिलं, "नवीन साड्या पसंत पडलेल्या दिसत नाहीत." बाबांचा हात जोडल्याचा इमोजी आला. मी फुगून बसले, चार दिवस फोन केला नाही. अकराव्या दिवशी शेजारच्या काकूंचा मेसेज: "आई चालायला लागली का गं?"

आई गणपतीच्या आदल्या दिवशी मोरीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या वर्षी घरात गौरी बसल्याच नव्हत्या. फोटो आदल्या वर्षीचा होता, आणि तो शोधून "हा टाका, म्हणजे तिला संशय येणार नाही" असं हॉस्पिटलच्या खाटेवरून आईनेच बाबांना सांगितलं होतं. त्या अकरा दिवसांत मला रोज सुप्रभात येत होतं. लास्ट सीनही रोज दिसत होता, कारण आईचा फोन बाबा वापरत होते.

मी बाबांवर ओरडले. ते म्हणाले, "तू येऊन काय करणार होतीस? मुलाची शाळा सुरू होत होती." पण ओरडण्याच्या आधीचं सांगते, जे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. काकूंचा मेसेज वाचल्यावर पहिला विचार आला तो असा, की ऑपरेशन होऊन गेलंय, म्हणजे आता लगेच निघायला नको. सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं.

तेव्हा ॲप कुठलं, यावर फार डोकं खपवू नका. तिकडे सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, इथेही बहुतेक जण आहेत, काही जर्मन सिग्नल नावाच्या ॲपवर भेटतील. डोकं खपवायचं ते माणसावर. घरातलं नको, जवळ राहणारं, हातीपायी धड असं एक माणूस निवडा आणि निघण्याआधी त्याच्याकडून शब्द घ्या की आई-बाबांनी शपथ घातली तरी ते तुम्हाला कळवेल, आणि फोन करून कळवेल. माझ्या त्याच काकू आहेत. आई त्यांना फितूर म्हणते.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा वाईट जातो, मग सवय होते. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मुलीच्या शाळेचं मात्र आहे. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात, शिक्षक शिफारस करतात, रेआलशूले (दहावीपर्यंतची शाळा) की गिम्नाझियम (पुढे विद्यापीठाकडे नेणारी). २०२० च्या सुरुवातीला मुलाच्या बाईंनी आम्हाला वीस मिनिटं बसवून सांगितलं की याला रेआलशूले बरी, घरी जर्मन बोलत नाही ना तुम्ही. आम्ही मान डोलावली. ती शिफारस म्हणजे नुसता सल्ला होता. आपल्या या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, तेव्हा शेवटचा निर्णय आई-बापाचाच असायचा, २०१२ पासून. वर्गातल्या एका तुर्की आईने पालकांच्या ग्रुपवर हे सविस्तर लिहिलं होतं, कुठल्या शाळा कधी बघायला खुल्या आहेत त्या तारखांसकट. तो ग्रुप मी म्यूट केला होता. केक कोण आणणार, कुणाची टोपी हरवली, असे साठ-साठ मेसेज, तेही जर्मनमध्ये. तेव्हा मी शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कर्वे रोडच्या मेट्रोच्या खोदकामाबद्दल तावातावाने भांडत होते. त्या तुर्की आईचा मेसेज वाचला तो जूनमध्ये.

मुलगा मजेत आहे, मित्र आहेत, सुतारकामात हात चांगला चालतो. त्याला काही वाटत नाही. मला वाटतं. आता नियम पुन्हा बदललाय, गिम्नाझियमसाठी नुसती पालकांची इच्छा पुरत नाही. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, म्हणजे हातात वेळ थोडाच. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या ग्रुपात शिरा आणि जर्मन कळत नसेल तर मेसेज भाषांतर करून वाचा, केकचेसुद्धा.

घर कुठल्या भागात बघताय ते कळवा. आमच्याकडे एक जुना कुकर जास्तीचा आहे, शिट्टी नवी लावलीये.