पिक-अँड-प्लेस मशीन दिवसातून दोन-तीनदा आपोआप थांबते. मोठा स्टॅबिलायझर घ्यावा का?

आपण लिहिले आहे की जपानी बनावटीचे पिक-अँड-प्लेस मशीन (सर्किट बोर्डावर सुटे भाग उचलून बसवणारे) चालता चालता दिवसातून दोन-तीनदा सर्वो पॉवर, म्हणजे भाग उचलणारे हेड हलवणाऱ्या मोटरांची वीज, गेल्याचा अलार्म देऊन थांबते, इलेक्ट्रिशियनने मोजले की व्होल्टेज बरोबर दिसते, पॉवर बोर्ड एकदा बदलून झाला आहे आणि आता मोठा सर्वो स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला मिळतो आहे. अशा मशीनांच्या देखभालीच्या अनुभवावरून माझे मत असे की तूर्तास स्टॅबिलायझरवर पैसे घालू नयेत.

त्याचे कारण सरळ आहे. सर्वो स्टॅबिलायझरमध्ये एक छोटी मोटर कार्बन ब्रश सरकवून व्होल्टेज दुरुस्त करते आणि हे काम दिवसभर हळूहळू चढउतार होणाऱ्या लाइनसाठी ठीक आहे. पण 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते आणि मशीनला थांबवणारी घसरण दोन-चार आवर्तनांत येऊन जाते, तोवर ब्रश जागचा हललेलासुद्धा नसतो. साधा मल्टिमीटरही सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे आपल्या इलेक्ट्रिशियनला सारे आलबेल दिसले यात त्याची चूक नाही.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अगदी असेच प्रकरण पाहिले. तिथेही बोर्ड बदलून झाला होता आणि दोष वीजपुरवठ्यावर ढकलून सगळे मोकळे झाले होते. मी ऑपरेटरला एवढेच सांगितले की मशीन थांबेल ती वेळ आणि त्या क्षणी आजूबाजूला काय सुरू झाले हे वहीत लिहून ठेवा. चार दिवसांच्या नोंदींत बहुतेक वेळी एकच गोष्ट आढळली, ती म्हणजे कॉम्प्रेसर नुकताच सुरू झालेला असे. थेट लाइनवर सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते, आणि तिथे कॉम्प्रेसर व मशीन एकाच केबलवर होते.

मात्र तोच कॉम्प्रेसर त्याच केबलवर कित्येक वर्षे विनातक्रार चालला होता, मग आताच काय झाले, हा प्रश्न उरलाच. मशीनच्या 24 व्होल्टच्या एसएमपीएसच्या (लाइनच्या विजेपासून 24 व्होल्ट डीसी बनवणाऱ्या पॉवर सप्लायच्या) आउटपुटवर व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला, 21 व्होल्टच्या खाली जाताच चित्र पकडून ठेवण्याची सोय केली आणि कॉम्प्रेसर मुद्दाम सुरू केला, तेव्हा ती रेघ 17 व्होल्टपर्यंत उतरलेली दिसली. चांगला एसएमपीएस इनपुट गेल्यावरही पूर्ण भारावर साधारण एक आवर्तनभर तग धरतो. पण याच्या पंख्याची जाळी धुळीने गच्च भरलेली होती आणि आतले वीज साठवणारे कपॅसिटर उष्णतेने माथ्यावर फुगले होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंश सेल्सियस वाढीला ढोबळमानाने निम्मे होते, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. कॉम्प्रेसरचा झटका आणि म्हातारा एसएमपीएस हे दोन अर्धे दोष होते. एकट्याने कोणीच मशीन थांबवले नसते. एसएमपीएस बदलला, कॉम्प्रेसरला मुख्य पॅनेलपासून वेगळी केबल दिली आणि तक्रार संपली. बदललेला पॉवर बोर्ड बिचारा निर्दोष होता.

आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरही तपासावा लागेल. अशी बरीच मशीन तीन फेज 200 व्होल्टची असतात आणि आपल्या 415 व्होल्टच्या लाइनवर ती ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात. प्रायमरीचा (लाइन जोडतात त्या बाजूचा) टॅप, म्हणजे व्होल्टेजनुसार निवडायचा जोडणीचा बिंदू, कोणत्या आकड्यावर आहे ते पाहावे, आणि मशीन पूर्ण वेगाने चालू असताना व रिफ्लो ओव्हन (सोल्डर वितळवून भाग पक्के करणारी भट्टी) तापत असताना तिन्ही फेजमधले व्होल्टेज मोजावे. टॅप 400 वर असेल आणि रात्री लाइन 440 पर्यंत चढत असेल, तर मशीनला 220 व्होल्ट मिळतात, हेही विसरू नये.

त्यानंतर जोडण्या पाहाव्यात. भार चालू असताना एमसीबी (भार वाढल्यास आपोआप पडणारा स्विच), कॉन्टॅक्टर (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आणि टर्मिनल यांच्या येणाऱ्या व जाणाऱ्या टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक मोजावा. तिन्ही फेजमध्ये प्रवाह साधारण सारखा असताना एकीकडे 20 आणि दुसरीकडे 200 मिलिव्होल्ट दिसले, तर तिथला स्क्रू ढिला किंवा संपर्क जळालेला आहे असे समजावे. हे काम चालू लाइनवरचे असल्याने ते अनुभवी माणसानेच योग्य दर्जाच्या मीटरने करावे. स्क्रू आवळायचा तर मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, आणि सर्वो ड्राइव्हला (सर्वो मोटर चालवणाऱ्या युनिटला) हात लावण्यापूर्वी त्यावर लिहिलेला वेळ थांबावे, कारण 200 व्होल्टच्या ड्राइव्हमधील कपॅसिटरवर सुमारे 280 व्होल्ट डीसी साठलेले असते. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप मेन लाइनला कधीही लावू नये. तिथे अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोबच हवा.

एवढे करूनही 24 व्होल्टची रेघ सरळच राहिली आणि अलार्म तरीही आला, तर शोध वीजपुरवठ्यातून बाहेर काढावा. झाकणाचा सुरक्षा स्विच हेडच्या हादऱ्याने क्षणभर सुटला, तरी काही मशीन नेमका हाच अलार्म दाखवतात.