फ्लोट अजून आण्यांत मोजतो

प्रश्न : आमची पतसंस्था छोटी आहे. वीस वर्षं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर चाललेला हिशेब मार्चअखेर मायएसक्यूएल या नव्या डेटाबेसवर नेला. आता ठेवींची तेरीज जमत नाही, फरक २३ पैसे. लहान खाती चोख आहेत, चूक फक्त मोठ्या खात्यांत. एकात १२,४५,३१०.४० होते, तिथे १२,४५,३१०.३८ दिसतात. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, ‘राउंडिंग आहे, फरक किरकोळ खर्चात टाका.’ शिवाय ००४१७ हा सभासद क्रमांक नुसता ४१७ झालाय.
– एक लेखनिक, जि. सातारा

उत्तर : ताई, खर्चात काहीही टाकू नका. २३ पैसे ही वजाबाकी आहे. एका खात्यात दोन पैसे कमी, दुसऱ्यात तीन जास्त, असं एकमेकांना खाऊन उरलेली. उद्या फरक शून्य आला असता, तरी खाती चुकलेलीच असती.

लहान खाती बरोबर आणि मोठी चुकलेली, हे तुम्ही लिहिलंत तिथेच रोग कळला. रकमेचा रकाना ‘फ्लोट’ प्रकारचा, म्हणजे आकडा अंदाजे साठवणारा, केलेला असणार. फ्लोट रुपयाचे शंभर भाग करत नाही. अर्धा, पाव, अर्धपाव असे निम्मे-निम्मे करत जातो. आणि त्याच्याकडे अंकांसाठी जागा २४ बिटांचीच, म्हणजे शून्य-एकच्या २४ घरांची. रक्कम वाढली की पायरी, म्हणजे त्याला लिहिता येणाऱ्या दोन शेजारच्या रकमांमधलं अंतर, मोठी होते. १,३१,०७२ रुपयांपर्यंत ती पैशापेक्षा लहान असते, म्हणून दाखवताना आकडा बरोबर येतो. त्यापुढे पायरी रुपयाचा चौसष्टावा भाग, म्हणजे आजोबांच्या वेळचा जुना पैसा! ५,२४,२८८ पासून एक आणा (रुपयाचा सोळावा भाग), १०,४८,५७६ पासून दोन आणे. आपण १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे घेतले, हा गडी अजून तिथेच. तुमच्या ४० पैशांच्या जवळची पायरी सहा आणे, म्हणजे साडेसदतीस पैसे. त्याचेच ३८ दिसतात.

ऊसबिलांच्या कामात मीही एकदा हेच केलंय. अकरा पैशांसाठी दोन रात्री जागलो आणि दोष कारकुनाच्या बोटांना दिला. नंतर त्याला चहा पाजावा लागला.

आता रकाना बदलून ‘डेसिमल’, म्हणजे दशांश अंक जसेच्या तसे ठेवणारा, केला तर गेलेले पैसे परत येतील का? नाही. ३७.५ किंवा ३८ च कायम होतील. फॉक्सप्रोच्या जुन्या डीबीएफ फाइलींमधून सगळं पुन्हा भरायला सांगा. त्या फाइलींत अंक अक्षरांसारखे एकेक करून लिहिलेले असतात, म्हणून त्या साक्षीदार आहेत. आजच पेनड्राइव्हवर प्रत काढून तिजोरीत ठेवा. नवा रकाना डेसिमल (१४,२) असा, म्हणजे एकूण १४ अंक आणि त्यातले दोन पैशांचे, दोन्ही आकडे देऊनच मागा. नुसतं ‘डेसिमल’ लिहिलं तर मायएसक्यूएल ते (१०,०) धरतं आणि पैसे पार उडतात.

साक्षीदारही थोडा तपासा. जुन्या रकान्याची रुंदी (९,२) असेल, तर त्या नऊ घरांत दशांशाचा टिंबही मोजला जातो, म्हणून दहा लाखांच्या रकमेला जागा पुरत नाही. तेव्हा फॉक्सप्रो आधी दशांशातले अंक सोडतं. तुमचे .४० त्यात .४ म्हणून निभावले; .४५ असते तर पाच गेले असते. तशा खात्यांसाठी व्हाउचरच काढावी लागतील.

ताळा करताना एकूण बेरजेवर थांबू नका. खात्यांची संख्या, ठेवप्रकारानुसार बेरीज आणि प्रत्येक खात्याची जुनी-नवी रक्कम शेजारी ठेवून वजाबाकी. एकही ओळ शून्याखेरीज नको.

००४१७ चं दुखणं वेगळं आहे. मधल्या टप्प्यावर कुणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडून जपून ठेवली असावी. एक्सेल आकड्याच्या सुरुवातीची शून्यं गाळतं आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांक असतील तर त्यांचा शेवटचा अंक आधी बघा. सभासद क्रमांकांची आपण कधी बेरीज करत नाही; तो रकाना अक्षरांचाच करून घ्या.