युपीएसच्या कव्हर ड्रायव्हरला सिनिऑरिटीवर रूट आणि वेळ मागता येते का?

तुमचा भाऊ न्यू जर्सीत युपीएस या पार्सल कंपनीच्या गोदामात सहा वर्षं पार्ट-टाइम माल चढवत होता आणि आता फुल-टाइम कव्हर ड्रायव्हर, म्हणजे गैरहजर ड्रायव्हरांच्या गाड्या चालवणारा, झालाय. ती सहा वर्षं धरली जातील का आणि कामाची ठरावीक वेळ मागता येईल का, हा तुमचा प्रश्न. मी टीमस्टर्स या कामगार युनियनचा सभासद आहे, स्वतःचा रूट मिळेपर्यंत कव्हरच केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वर्षांचं. त्याच्या नावापुढे बहुतेक दोन तारखा असतील. एक कंपनीत लागल्याची आणि दुसरी फुल-टाइम ड्रायव्हर झाल्याची. साधारणपणे सुट्टीचे आठवडे किती मिळायचे ते पहिलीवरून ठरतं, पण रूटची बोली लागते, म्हणजे मोकळे रूट सिनिऑरिटीने निवडायला मिळतात, तेव्हा दुसरी तारीख बघतात. म्हणजे सहा वर्षं फुकट गेलेली नाहीत, पण तीन वर्षांपूर्वी थेट बाहेरून ड्रायव्हर म्हणून लागलेला माणूस रूटच्या बाबतीत त्याच्या पुढेच राहणार. हे ऐकून वाईट वाटतं, ते मी समजू शकतो.

आता वेळेचं. "मला रोज नऊला सुरू करून सहाला सुटायचंय" असं कव्हर ड्रायव्हरला मागता येत नाही. कोणी रजेवर, कोणी आजारी, कोणी दुखापतीने घरी, अशा मोकळ्या झालेल्या गाड्या त्याने चालवायच्या. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत, तसंच हे वाटेल. पण बदलीवाल्याला गेटवरून हात हलवत परत जावं लागे. फुल-टाइम कव्हर ड्रायव्हर मात्र कायम नोकरीत असतो आणि कामावर घेतलं की साधारणपणे आठ तासांच्या पगाराची हमी असते. काम कमी असलं तर आधी ज्युनिअरला घरी पाठवायचं, सिनिअरला नाही.

त्याचा खरा हक्क निवडीचा आहे. बऱ्याच ठिकाणी आठवडाभर किंवा जास्त दिवस मोकळे राहणारे रूट कव्हर ड्रायव्हरांना सिनिऑरिटीच्या क्रमाने निवडू देतात. सेंटरमध्ये घड्याळाशेजारच्या बोर्डावर कागद लागतो, त्यावर रूटचे नंबर आणि सही करायला रिकाम्या ओळी. तो कागद मुदतीत भरला नाही तर उरलेली गाडी पदरात पडते, आणि ती बहुतेक वेळा जिन्यांच्या इमारतींची किंवा लांबच्या गावाची असते. काही लोकलमध्ये (युनियनच्या स्थानिक शाखांत) मात्र ही निवड नाहीच, रोजचं वाटप सुपरवायझर करतो. कारण राष्ट्रीय करार सगळ्यांना एक असला तरी सिनिऑरिटीचे बारकावे प्रत्येक भागाच्या सप्लिमेंटमध्ये आणि रायडरमध्ये, म्हणजे कराराच्या स्थानिक पुरवण्यांत, लिहिलेले असतात. दुसऱ्या राज्यातला मित्र काय सांगतो त्यावर अजिबात विसंबू नका.

आत्ताचा करार 1 ऑगस्ट 2023 ते 31 जुलै 2028 असा आहे आणि त्याने तुमच्या भावासारख्यांचं खूप भलं केलं. 2018 च्या करारात 22.4 नावाचा ड्रायव्हरांचा वेगळा वर्ग काढला होता: काम तेच, पगार कमी, आणि फार लांबलेल्या दिवसांपासूनचं संरक्षण नाही. मतदानात नाही म्हणणारे जास्त होते, तरी युनियनच्या घटनेतल्या जुन्या नियमाच्या आधारे तो करार लागू झाला. लोक हे विसरले नाहीत. 2021 मध्ये तो नियम गेला, नेतृत्व बदललं आणि 2023 मध्ये 22.4 हा वर्गच रद्द होऊन ती सगळी माणसं नियमित ड्रायव्हर झाली. ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरला जबरदस्तीने बोलावणंही बंद झालं. आज भावाला जो आठवडा धरून नियोजन करता येतंय, तो या लढ्यातून आलाय. त्याने युनियनच्या मतदानाला कधीही गैरहजर राहू नये असं मला मनापासून वाटतं.

"9.5" (साडेनऊ तासांच्या) यादीचं नाव त्याच्या कानावर येईल. आठवड्यात तीन दिवस साडेनऊ तासांच्या वर काम पडलं तर यादीतल्या ड्रायव्हरला दंडाचे जादा पैसे मागता येतात. कव्हरवाल्यांना त्यासाठी वेगळ्या अटी आहेत. कराराचं आर्टिकल 37 वाचून मगच नाव द्यावं.

क्रम डावलला गेला असं कधी वाटलं तर सुपरवायझरशी हुज्जत न घालता दिलेली गाडी चालवावी आणि त्याच दिवशी स्टुअर्डकडे (कामाच्या जागेवरच्या युनियनच्या प्रतिनिधीकडे) ग्रिव्हन्स, म्हणजे लेखी तक्रार, लिहून द्यावी. मुदत मोजक्या दिवसांची असते, ती टळली की खरी तक्रारही वाया जाते. तारीख, रूट नंबर, कोणाला दिला, त्याची सिनिऑरिटी तारीख, एवढं त्यात हवंच. आणि ज्यातून शिक्षा होऊ शकेल अशा चौकशीला ऑफिसात बोलावलं तर स्टुअर्ड सोबत हवा असं त्याने स्वतः म्हणायचं. 1975 च्या वाइनगार्टन निकालाने तो हक्क दिलाय, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

या आठवड्यात त्याने स्टुअर्डकडून दोन गोष्टी घ्याव्यात: सप्लिमेंटची प्रत आणि सिनिऑरिटीची यादी. यादीत त्याची फुल-टाइम तारीख बरोबर आहे का ते आत्ताच बघा. पुढची बोली लागल्यावर ती दुरुस्त करून घेणं फार जड जातं.