नरक्याच्या झाडावर काम सुरू करतेयस, तर एवढं ऐक

अर्क काढून थेट पेशींवर टाकायची घाई करू नकोस. नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन, म्हणजे त्यातलं कर्करोगाविरुद्धचं द्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, डीएमएसओ या द्रावकात कर आणि तुलनेसाठी नुसतं डीएमएसओ घातलेला कंट्रोल प्रत्येक प्लेटवर ठेव.

खरी गोम पुढे आहे. या रेणूतलं लॅक्टोनचं कडं (अणूंचं एक वलय) बंद असेल तरच तो टोपोआयसोमरेज-१ ला, म्हणजे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला, नीट अडवतो. ७.४ पीएचच्या माध्यमात ते कडं हळूहळू उघडतं आणि परिणाम घसरतो. सुरुवातीच्या काळात कॅम्प्टोथेसिनचा कडं उघडलेला, पाण्यात विरघळणारा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा गुण कमी आणि मूत्राशयाचा त्रास फार, असं झालं. म्हणून पातळ केलेलं द्रावण उद्यासाठी ठेवू नकोस, लागेल तेव्हा ताजं कर.

आणि कळकळीने सांगते, नमुन्यासाठी सह्याद्रीतलं झाड तोडू नकोस. या झाडाची आधीच बेसुमार तोड झाली आहे. परवानगी काढून पानं, डहाळ्या घे, एक नमुना हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, दे. झाडात राहणाऱ्या बुरशीतूनही कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालंय, पण अशी बुरशी पुन्हापुन्हा वाढवली की उत्पादन घटत जातं. म्हणून पहिल्याच वाढीतली बुरशी ग्लिसरॉलमध्ये घालून तिचे स्टॉक उणे ८० अंशांवर ठेवून दे.